भरलेली परत येणारी पाण्याची बाटली



सोलापुरात मार्च उजाडला की पारा चाळिशीकडे धावू लागतो. अशा दिवसांत सकाळी नातवाच्या दप्तरात दिलेली पाण्याची बाटली दुपारी रिकामी होऊन परत यावी, हे स्वाभाविक आहे. ती रोज भरलेलीच परत येऊ लागली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. ‘विसरला असेल’, ‘तहान लागली नसेल’ ही उत्तरे एकदोन दिवस पटतात. महिनाभर पटत नाहीत.

काही मुले शाळेत जाणूनबुजून पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायले की लघवीला जावे लागते आणि शाळेच्या स्वच्छतागृहात शिक्षकांची नजर नसते. वर्गात जे नुसत्या कुजबुजीवर भागते, ते तिथे धक्काबुक्कीवर, कपडे ओढण्यावर, कधी त्याहूनही पुढे जाते. ‘बायल्या’, ‘छक्का’ अशा हाका मारून ज्या मुलाची टर उडवली जाते, त्याच्यासाठी ती जागा सर्वांत धोक्याची असते. म्हणून तो सात तास तहान मारतो आणि लघवी रोखून धरतो. मग जळजळ, ओटीपोटात दुखणे, बद्धकोष्ठता, डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन तो आमच्यासारख्या डॉक्टरांपुढे येतो. बहुतेक वेळा त्याला घेऊन येणारे आजोबा किंवा आजी असतात, कारण आईवडील कामावर गेलेले असतात.

आज त्याच मुलांविषयी लिहीत आहे. चालणे-बोलणे ‘बायकी’ वाटते म्हणून, किंवा एखाद्या मुलाला मुलाविषयी, मुलीला मुलीविषयी ओढ वाटते असा संशय आला म्हणून, हायस्कूलमध्ये ज्यांचा छळ होतो अशी ही मुले. विषय अवघड वाटेल, हे मी जाणून आहे. पण दुपारी दार उघडून मुलाचा चेहरा सर्वांत आधी पाहणारे तुम्हीच आहात. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे.

शरीर आधी बोलते

तेरा ते सोळा या वयातील मूल असा छळ सहसा तोंडाने सांगत नाही. सांगायचे तर ती शिवी स्वतःच्या तोंडून घरात उच्चारावी लागते, आणि ‘मग तू आहेस का तसा?’ या प्रश्नाची भीती असते. म्हणून शरीर बोलते. त्याची भाषा ओळखायला शिकावे.

रविवारी संध्याकाळी पोटात कळ येते आणि सोमवारी सकाळी उलटीसारखे होते. सुट्टी मिळाली की दुपारपर्यंत मूल ठणठणीत होते. डबा तसाच परत येतो. शाळेतून आल्याबरोबर चपला न काढताच ते स्वच्छतागृहाकडे धावते. खेळाच्या तासाच्या दिवशी हमखास डोके दुखते. गणवेशाची गुंडी तुटलेली, वही फाटलेली असते आणि कारण विचारले तर ‘पडलो’ एवढेच उत्तर येते. रिक्षावाल्या काकांकडे ‘मला सर्वांत आधी सोडा’ असा हट्ट सुरू होतो. हुशार मुलाचे गुण एकाएकी घसरतात. आवडीचे नाच-गाणे, चित्रकला ते अचानक सोडून देते आणि आरशासमोर आपली चाल ‘सुधारण्याचा’ सराव करू लागते.

यातील प्रत्येक लक्षणाला दुसरेही कारण असू शकते. म्हणून आधी तपासणी जरूर करून घ्यावी. लघवीचा संसर्ग, जंत, रक्तक्षय, डोळ्यांचा नंबर यांपैकी काही असेल तर ते वेळीच कळलेले बरे. मात्र तपासण्या स्वच्छ आल्या की ‘काही नाही, नाटक करतोय’ असा निष्कर्ष काढू नये. सोनोग्राफीत न दिसणारे दुखणेही दुखतेच.

छळ नेमका कशाचा होतो?

येथे थोडी उकल आवश्यक आहे. कोणाविषयी प्रेमाची वा शारीरिक ओढ वाटते, तो झाला लैंगिक कल. मनातून आपण मुलगा आहोत की मुलगी, ही जाणीव म्हणजे लिंगभाव. आणि हातवारे, चाल, आवाज, आवडीनिवडी हा झाला केवळ वागण्याचा ढंग. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. नाजूक हातवारे करणारा मुलगा समलैंगिक असेलच असे नाही, आणि दणकट कबड्डीपटू नसेलच असेही नाही. छळ करणाऱ्या टोळक्याला या भेदांशी देणेघेणे नसते. ‘आपल्यासारखा नाही’ एवढे त्यांना पुरते.

तुमच्या पिढीला एक आठवण करून द्यावीशी वाटते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे रंगभूमीवरील स्त्रीरूप महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. पुरुषाच्या अंगी असलेल्या नजाकतीला तेव्हा टाळ्या मिळाल्या. तीच नजाकत आठवीतल्या मुलाच्या हातात दिसली की त्याला चापट का मिळावी, याचे उत्तर आपल्याला देता येणार नाही.

ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. लहानपणी दम्याने आजारी असलेले, नृत्याची ओढ असलेले हे मूल. त्याच्या बायकी वागण्यावरून झालेली चेष्टा आणि त्याहून भयंकर असे लैंगिक अत्याचार त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहेत. पण वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा प्रसंग वेगळाच आहे. ‘माझ्यात काही बिघाड आहे का?’ हा प्रश्न घेऊन त्या शाळकरी वयात मुंबईत अशोक राव कवी यांना भेटल्या. समलैंगिकांच्या हक्कांसाठी उघडपणे उभे राहिलेले हे पत्रकार. त्यांनी त्या मुलाला उपदेशाचे लांबलचक डोस पाजले नाहीत. तुझ्यात काहीही विकृत नाही, तू आता अभ्यासाकडे लक्ष दे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. एका मोठ्या माणसाचा एवढा धीर त्या मुलाला पुरला. पुढे हेच मूल शिकले, नृत्य शिकवू लागले आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांचा आवाज बनले.

सर्वांनाच असे मोठे माणूस भेटत नाही. युनेस्कोने तमिळनाडूतील सुमारे चारशे लैंगिक अल्पसंख्य तरुणांकडून त्यांच्या शालेय आयुष्याची माहिती घेतली; तो अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत शारीरिक छळ सोसल्याचे सुमारे ६० टक्के तरुणांनी सांगितले. जवळपास एकतृतीयांश तरुणांनी या छळापायी शाळाच सोडली होती. शाळेकडे तक्रार करणारे होते अवघे १८ टक्के. उरलेली मुले गप्प राहिली. आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

मुलींचा छळ आणखी आडून होतो. दोन मैत्रिणी सतत एकत्र असतात म्हणून फळ्यावर त्यांची नावे लिहिली जातात, मुलींचा घोळका त्यांना डब्याला घेत नाही. घरी कुणकुण लागली की शाळा बंद होते आणि स्थळे पाहणे सुरू होते. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न हा गुन्हा आहेच. शिवाय लग्नाने कल बदलत नाही. दोन आयुष्ये मात्र उद्ध्वस्त होतात.

हा आजार नाही, म्हणून त्यावर औषधही नाही

‘डॉक्टर, एखादे हार्मोनचे इंजेक्शन नाही का?’ हा प्रश्न मला दबक्या आवाजात अनेकदा विचारला गेला आहे. उत्तर स्पष्ट आहे. समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ती आजारांच्या यादीतून वगळली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केले. आपल्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीचेही हेच मत आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. ‘कल बदलून देतो’ असे सांगून उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे.

म्हणून असा दावा करणारा कोणी पदवीधर असो वा अंगारे-धुपारे देणारा बाबा, त्याच्या दारी मुलाला नेऊ नये. आईने लाड केले, वडील कडक होते, मोबाईल जास्त पाहिला, मित्र वाईट मिळाले, यांपैकी कशानेही कल ठरत नाही. सूनबाईला दोष देऊन तर काहीच साधत नाही. उपचाराची गरज असलीच तर ती छळामुळे आलेली चिंता, निद्रानाश आणि नैराश्य यांसाठी असते, आणि ते उपचार उत्तम उपलब्ध आहेत.

पहिले वाक्य

मूल एके दिवशी अर्धवट काहीतरी बोलते. त्यानंतर तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य ते जन्मभर लक्षात ठेवते. ‘तू असा चालतोसच कशाला?’, ‘मर्दासारखा उलटून मार’, ‘लक्ष देऊ नकोस’, ‘हे वडिलांच्या कानावर गेले तर बघ’, ही वाक्ये कितीही काळजीतून आलेली असली तरी मुलाला एकच अर्थ ऐकू येतो: चूक माझीच आहे.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. विड्या वळून संसार उभा केलेल्या एक आजी नववीतल्या नातवाला पोटदुखीसाठी तिसऱ्यांदा घेऊन आल्या होत्या. मोठ्या मुलांशी मी पाच मिनिटे एकट्याने बोलतो, तसा बोललो, मूल रडले. बाहेर येऊन आजीला काय सांगायचे ते त्याचे त्यालाच सुचेना. आजींनीच त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘‘तू माझं लेकरू हायस, त्यात काय बदल न्हाई. आता कोण काय करतंय, तेवढं सांग मला.’’ तो कोण आहे, कसा आहे, हे त्यांनी विचारले नाही. पोटदुखी लगेच गेली नाही. पण मूल त्या दिवसापासून बोलू लागले, आणि बोलू लागल्यावर पुढचे सारे मार्ग खुले झाले.

तुमचे शब्द वेगळे असतील, पण त्यात तीन गोष्टी असाव्यात: तू आमचा आहेस, चूक त्रास देणाऱ्यांची आहे, आपण मिळून मार्ग काढू. ‘तू तसा आहेस का?’ हे विचारू नये. या वयात अनेक मुलांना स्वतःलाच ते ठाऊक नसते. मूल स्वतःहून सांगेल तेव्हा शांतपणे ऐकावे. आणि त्याने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय मुलगा, सून, आत्या, शेजारी, कोणाच्याही कानावर घालू नये. छळ आणि जिवाचा धोका मात्र लपवायचा नसतो. तो आईवडिलांना सांगावा लागेल, आणि सांगणार आहोत हे मुलाला आधी सांगावे. कल सांगायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मुलाचा आहे.

शाळेकडे जाताना

रागाच्या भरात त्या मुलांच्या घरी धडकू नका. त्याचे उट्टे दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलावर निघते. आधी एक वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा, कोण होते, काय म्हटले, काय केले, कोणी पाहिले, हे मुलाच्या सांगण्यावरून लिहावे. मोबाईलवरील संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत. वर्गशिक्षकांना भेटावे, फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. अर्जात ‘माझ्या पाल्याला अमुक ठिकाणी अशी शिवीगाळ व मारहाण होते’ एवढेच पुरे आहे. त्याच्या कलाविषयी एक अक्षरही लिहिण्याची गरज नाही.

मागण्या नेमक्या असाव्यात: मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ शिक्षकांची फेरी, बाकाची जागा बदलणे, मुलाला गरज पडेल तेव्हा निःसंकोच भेटता येईल असे एक ठरावीक शिक्षक. ‘तुमच्या मुलालाच दुसऱ्या शाळेत घाला’ हा सल्ला पहिला उपाय म्हणून स्वीकारू नये.

नियम तुमच्या बाजूने आहेत. राज्याच्या १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती असावी लागते. तिची चौकशी करा. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि जात, धर्म, लिंग, लैंगिक कल अशा कारणांवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था असावी, असे त्यात सांगितले आहे. शाळेने दाद दिली नाही तर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येते. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे. लैंगिक स्वरूपाचा हात लावला गेला असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. तो मुलींइतकाच मुलग्यांनाही संरक्षण देतो, आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

जिवावर बेतण्याआधी

हा भाग काळजीपूर्वक वाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये हरयाणातील फरीदाबाद येथे दहावीतील एका मुलाने जीवन संपवले. त्याला आपल्या कलावरून त्रास दिला जात होता आणि हे आपण शाळेच्या कानावर घातले होते, असे त्याच्या आईने सांगितले. ती स्वतः त्याच शाळेत शिक्षिका होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनमधील दहावीतला आणखी एक मुलगा गेला. साडी नेसलेली स्वतःची चित्रफीत त्याने दिवाळीत समाजमाध्यमावर टाकली होती, आणि तिच्याखाली द्वेषाने भरलेल्या प्रतिक्रियांचा खच पडला होता. दुसऱ्या घटनेतून एक गोष्ट समजून घ्यावी: पूर्वी शाळा सुटली की छळही सुटत असे, आता तो मोबाईलमधून उशाशी येतो.

आत्महत्येला एकच एक कारण क्वचित असते. पण पुढील खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये: ‘मी नसलो तर बरे होईल’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांनी मनगट झाकणे, झोप पूर्ण उडणे, किंवा फार अस्वस्थ असलेले मूल एकाएकी निवांत दिसू लागणे. अशा वेळी स्पष्ट विचारावे, ‘‘बाळा, जीव नकोसा वाटतो का?’’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी ऐकायला आहे हे कळते. मुलाला एकटे सोडू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही ही सोय आहे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीत बोलते.

आणि एक काम आजच करा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या तुमच्या गोळ्यांचा डबा उशाशी किंवा फडताळात उघडा असतो. तो कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. शेती असेल तर फवारणीचे औषध घरात ठेवूच नका. निराशेची तीव्र लाट बहुधा काही वेळात ओसरते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो.

घरातले शब्द

हायस्कूलमधली मुले या शिव्या आकाशातून आणत नाहीत. दूरचित्रवाणीवर साडी नेसलेला पुरुष आला की आपण हसतो. सिग्नलवर तृतीयपंथी दिसला की काच वर करून काहीतरी पुटपुटतो. कट्ट्यावर कोणाला तरी ‘बायल्या’ म्हणतो. शेजारी बसलेले मूल ते ऐकत असते. त्याचा कल तसा असेल तर ते त्या क्षणी ठरवते, की या घरात काही बोलायचे नाही. तसा नसेल तर तोच शब्द ते उद्या वर्गात दुसऱ्या मुलावर फेकते. तुमचाच नातू छळ करणाऱ्यांत असल्याचे कळले, तर पाठीशीही घालू नका आणि झोडपूनही काढू नका. त्याने काय केले हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या, भरपाई काय करणार ते विचारा आणि शाळेला सहकार्य करा.

या साऱ्यात तुमचीही झोप उडेल, साखर वर जाईल. नातवाच्या काळजीत स्वतःच्या गोळ्या चुकवू नका. मनात फार प्रश्न असतील तर पुण्याच्या ‘समपथिक ट्रस्ट’चे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ हे मराठी पुस्तक वाचून पाहा; समलैंगिक तरुणाचे मन समजण्यास त्याची मदत होईल.

तुम्ही आयुष्यात दुष्काळ पाहिले, गिरण्या बंद पडताना पाहिल्या, घर सावरले. येथे तुमच्याकडून फार मोठ्या गोष्टीची अपेक्षा नाही. आज दुपारी नातवंड घरी आले की दप्तरातील बाटली सहज हातात घेऊन पाहा. जड लागली तर गूळ-पाणी किंवा ताक पुढे ठेवा, शेजारी बसा आणि घाई न करता विचारा, ‘‘आज शाळेत कसा गेला दिवस?’’ उत्तर आज मिळाले नाही तर उद्या पुन्हा विचारा.